कडी धरलेला हात

पुन्हा डोळ्यांपाशी येऊन ब्रश थांबला. समोर माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोटो होता. वर्षश्राद्धाला तिचं ऑइल पेंटिंग पाहिजे, असं मायनं सांगितलं होतं. "गळ्यात सोनं काढ. जित्तेपणी कवा व्हतं तिच्या अंगावर?"

गेलेल्या माणसांची पोर्ट्रेट काढणं हा माझा धंदाच. फोटोवर ग्रिड मारायची, म्हणजे चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट कॅन्व्हासवर मोठी करून उतरवायची. हात बसला की मनाला काम उरत नाही. माझी चित्रं हुबेहूब असत, आणि थंड.

सुमन तेरखेड्याकडं फटाक्यांच्या शेडमध्ये दारू भरायची. तिथंच भाजून गेली. त्या कारखान्याची लेबलं मी करायचो. तिला कामाला लावलं मीच. अपघाताआधी ती म्हणाली होती, "दादा, मालकाला सांग की, मला पॅकिंगला टाका म्हणून. भरणीवर लई भ्या वाटतंय."

"दिवाळीपुरती कळ काढ," मी म्हणालो. मालकाशी बिनसलं तर लेबलांची ऑर्डर जाईल, एवढीच माझी भीती. हे मी मायला सांगितलं नव्हतं.

शेवटी ग्रिड पुसली. चेहरा सोडूनच दिला. मधोमध एक दार काढलं. आतून ते ढकलणारे, फटाक्याच्या दारूनं राखाडी झालेले दोन हात. बाहेरून कडी धरलेला एक हात, नखांत रंग. खरं तर शेडला दारच नव्हतं. मनात दाटलेल्याला आम्ही चित्रकार असा आकार देतो. त्याला सिम्बॉल म्हणतात.

माय बघत राहिली.

"सोनं कुठंय?"

"नाही काढलं."

"आन् तोंड?"

"जमलं नाही."

"ह्यो बाहीरचा हात कुणाचा?"

मी सांगितलं. पॅकिंगचं, मालकाचं, ऑर्डरचं, सगळं.

ती रडली नाही. चित्राकडं बघतच म्हणाली, "मला तर म्हणली व्हती, दादानं मालकाला सांगितलंय, आता काळजी न्हाय."

वर्षश्राद्धाला पाटावर फोटोच होता. चित्र मायनं घरात घेतलं नाही. माझ्याशी ती बोलते, कामापुरतं.

त्यानंतर मला चेहरे काढवेनात. हात, दारं, राखेचे रंग, एवढंच येतं. परवा एका प्रदर्शनात गॅलरीवाले म्हणाले, "आता तुमच्या कामात भाव उतरलाय. मॅच्युरिटी आली." मी थँक्यू म्हणालो.

ड्रॉइंगच्या क्लासला पोरं विचारतात, "सर, स्वतःची स्टाइल कशी सापडते?"

मी म्हणतो, नाही सापडली तरी पोट भरतं.