आमच्या बगिच्यात पडलेलं वानर

वर्ध्याकडच्या कारंजा गावाजवळ आमचा संत्र्याचा बगिचा होता आणि त्याच्यावर आमच्यापेक्षा वानरांचा हक्क जास्त होता. काळ्या तोंडाची ती टोळी एक संत्रं खायची आणि दहा फेकायची. माझं डोकं फिरायचं. मी गोफण घेऊन धावले की बाबा माझा हात धरायचे. बाबांचा मारुतीवर जीव होता. शनिवारी तेल-शेंदूर झाल्याशिवाय त्यांच्या पोटात चहाचा घोट जात नसे, आणि वानर म्हणजे त्यांच्या लेखी मारुतीच. "खाऊ दे त्याले. त्याचंच आहे," एवढं म्हणून ते झाडांना पाण्याची बारी द्यायला निघून जायचे.

माझा थोरला भाऊ, दादा, कारंज्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उत्क्रांतीचा धडा बाकीचे मास्तर 'घरी वाचून या' म्हणून उरकायचे, दादाला मात्र त्या धड्याचं वेड होतं. पोरं हसत-हसत शिकतात म्हणून तो वर्गात गमती करायचा, आणि तीच सवय घेऊन घरी यायचा. घरी त्या गमतींना कोणी हसत नसे.

त्या उन्हाळ्यात टोळीत एक नवा नर शिरला. जुन्या नराला त्यानं रक्तबंबाळ करून हाकललं. मग आमच्या डोळ्यांदेखत, विहिरीजवळच्या कडुनिंबावर, एका मादीच्या पोटाशी बिलगलेलं पिल्लू हिसकावलं, चावलं आणि खाली टाकलं. मादीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आई तोंडाला पदर लावून घरात पळाली.

"नवा नर असंच करते," दादा म्हणाला. "दुसऱ्याचं पिल्लू मारलं की मादी लवकर त्याच्यापासून गाभण राह्यते. याच्यात पाप नाई अन् पुण्य नाई. हे असंच चालत आलं."

बाबा त्या नरासमोर हात जोडून उभे होते.

"मंग तुमचा मारुती लेकरं काऊन मारते, बाबा?" दादानं विचारलं.

बाबांनी जोडलेले हात सोडले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर तेवढी ताडताड उडत होती.

दिवाळीनंतर तोच नर बगिच्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारेला चिकटला आणि आमच्या झाडांमध्ये पडला. अर्धं अंग भाजलेलं, डोळे उघडे. तासाभरात सगळं गाव गोळा झालं. वानर मेलं की आमच्या गावात माणसासारखी मयत निघायची. भगवं कापड, गुलाल, बैलबंडीवर फुलांच्या माळा, पुढे भजनी मंडळ. आणि ज्याच्या वावरात ते पडलं त्या घरच्या थोरल्या पोरानं डोकं भादरायचं, बाप गेल्यासारखं. मारुती सगळ्यांचा बाप, म्हणून.

मारुतीच्या देवळाचा कारभार बघणारा किराणा दुकानदार पुढे आला. न्हावी वस्तरा परजत बसलाच होता.

"मास्तर, बसा खाली."

"मी नाई भादरत," दादा म्हणाला. "माहा बाप जित्ता आहे."

"अरे, मारुती सगळ्यांचा बाप आहे."

"बाप नाई, काका. चुलतभाऊ आहे. त्याचा अन् आपला खापरपणजा एकच होता. अन् चुलतभावासाठी कोणी डोकं भादरते काय?"

वर्गात या वाक्यावर हशा पिकला असता. तिथे टाळ थांबले.

"मारुतीरायाले चुलतभाऊ म्हणते! आपल्या पणज्याले माकड म्हणते!" दुकानदार ओरडला, आणि पहिला जोडा कोणाचा आला ते मला दिसलंच नाही. मग बुक्क्या आल्या. ज्याच्या हातात टाळ होते त्यानं टाळ मारले. दादाचं कपाळ फुटलं, चष्मा पायाखाली गेला. मी मधे घुसले तर मला कोणीतरी केसाला धरून बाजूला भिरकावलं. मी हाताला सापडेल त्याला चावत होते. आज विचार केला की संताप येतो, कारण दोन्हीकडचे तेच सांगत होते: हे जनावर आपल्या रक्ताचं आहे. एकानं पुस्तकातून सांगितलं, बाकीच्यांनी गुलाल लावून. तेवढ्यासाठी ते त्याचा जीव घ्यायला निघाले होते.

तेव्हा बाबा आले. बंडीच्या बाजूला खोचलेला लाकडी दांडा, मनगटाएवढी जाड उभारी, त्यांनी उपसली. मला वाटलं, आता हे गावाला झोडपणार. बाबांनी ती दादाच्या पाठीत घातली.

"हटा! माहं पोट्टं आहे, मी पाह्यतो!"

लोक हटले. बापच मारतो म्हटल्यावर लोकांनी हात आवरते घेतले, त्यांचा राग जागच्या जागी थंडावला. बाबा मारतच राहिले. दादा आडवा झाला तरी मारत राहिले. त्यानं डोक्यावर धरलेला उजवा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. शेवटी तो दुकानदारच घाबरला. "बस झालं, बाप्पा! मरन तो!" असं ओरडत त्यानं आणि न्हाव्यानं मिळून बाबांना मागे ओढलं, तरी बाबा हात सोडवून पुढे जायला बघत होते.

मग वानराची मयत निघाली. दादाऐवजी डोकं बाबांनी भादरून घेतलं.

दादाला जीपमधून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यानं 'बंडीवरून पडलो' असं सांगितलं. त्याचा हात कोपरातून पुन्हा सरळ झाला नाही. तो गाव सोडून हिंगणघाटकडच्या शाळेत लागला आणि डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकला. पण बाबांवर त्याचा राग नव्हता. उलट, भेटेल त्याला अभिमानानं सांगायचा: "बाबानं हातात उभारी घेतली नसती तर गावानं मले तिथंच संपवलं असतं. पिल्लू वाचवासाठी जनावर काय वाट्टेल ते करते. मी पोट्ट्यायले हेच तं शिकवतो!" देवावर नसलेला सगळा विश्वास त्यानं त्या मारावर ठेवला होता. दर सुटीत यायचा, बाबांच्या पायाशी बसायचा. आई सुखावली. मला मात्र लोक मागे सरकल्यानंतरचे ते तडाखे झोपू देत नसत.

बरीच वर्षं गेली. बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी त्यांना माझ्या घरी वर्ध्याला आणलं. एका दुपारी वरणात पोळी कुस्करून भरवता भरवता मी विचारून टाकलं. मनात ठेवून जगणं मला जमत नाही.

"बाबा, दादाले तुम्ही वाचवासाठीच मारलं न?"

ते घास चावत होते. एका बाजूनंच चावता यायचं. मग ओघळ पुसायला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

"पयल्या काठ्या वाचवासाठी होत्या," ते म्हणाले. "मंगच्या माह्या होत्या."

मी घास खाली ठेवला. अंगणात फाटक वाजलं. सुटी लागली होती, दादा आला होता. डाव्या हातात बाबांसाठी संत्र्यांची पिशवी होती आणि तो दारातूनच हसून विचारत होता, "काय म्हणते माहा बाप?"