पकडणारीने हो म्हणायचं

उडी मारायला मी कधीच घाबरले नाही. घाबरायचं काम आईने अंगावर घेतलं होतं, आणि ते ती मन लावून करायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला, मरोळच्या एका चाळीत राहायचो. चाळीमागे गावठाण, आणि गावठाणात एक ख्रिस्ती बाई होत्या. दिवसा शाळेत पीटी शिकवायच्या आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या रेकॉर्डी लावून स्विंग, म्हणजे जोडीने करायचा उड्यांचा विलायती नाच. सगळे त्यांना आंटी म्हणायचे. त्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमात मी आणि माझा मावसभाऊ जोडीने नाचणार होतो. परक्या मुलाचा हात धरून नाचायचं असतं तर आईने मला उंबरा ओलांडू दिला नसता, पण बहिणीच्या पोराला नाही कशी म्हणणार? फक्त नाचात शेवटी तो मला डोक्यावर उचलणार आहे हे कळलं, तेव्हा तिने पायात चपला सरकवल्या आणि हा प्रकार बंद करायला थेट हॉल गाठला.

आंटींनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं आलीस. पोरगी पडली तर पकडायला मला माणूस पाहिजेच होतं. इथे उभी राहा. पोरगी तयार झाली की नाही ते पकडणारीने सांगायचं. तू नाही म्हणालीस तर उचलणं रद्द."

आईला हे एकदम पसंत पडलं. नाही म्हणायचं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं, तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आंटींची शिस्त कडक. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. वेणी वर बांधायची. डोक्यावरचा पंखा बंद, मग घामाने अंघोळ झाली तरी चालेल. गुळगुळीत लादीवर गाद्या सरकतात, म्हणून गाद्यांखाली जाडजूड सतरंजी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आंटी स्वतः. मी 'हं' म्हटल्याशिवाय त्याने मला उचलायचं नाही. आणि सगळ्यात आधी पडायला शिकायचं. सुरुवातीला मी नाचलेच नाही, नुसती पडत होते, आणि सांगते, पडण्यातही मी चांगली होते.

मावसभावाच्या ताकदीबद्दल प्रश्नच नव्हता. गोविंदा पथकात तो खालच्या थराला उभा राहायचा आणि वर्षभर तो रुबाब मिरवायचा. पण मी त्याच्या खांद्यांवर हात टेकून उडी मारली रे मारली की दर वेळी त्याच्या पाठीवरून पलीकडे, डोकं खाली. आई मला कमरेला धरून ओढायची आणि मग मालवणीत त्याच्यावर सुटायची.

"मेल्या, माझ्या चेडवाक पाडलंस तर तंगडी मोडून हातात दीन!"

"मावशी, मी काय करू? हीच वाकडी उडी मारते."

"मी? तोंड सांभाळून बोल रे!"

माझी उडी सरळ होती, याची मला खात्री होती. माझं डोकंच फिरलं. मी उडी न मारता त्याच्या खांद्यांवर नुसते हात दाबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याची मान लगेच खाली. हात काढले, मान वर. पुन्हा दाबले, पुन्हा खाली.

"अरे येड्या," मी ओरडले, "तू थर लावतोयस!"

लहानपणापासून त्याच्या अंगात ते भिनलेलं. खांद्यावर भार आला की मान घालायची, नजर जमिनीकडे. हंडीत ते बरोबरच, तिथे वर बघणाऱ्याच्या तोंडावर पाय पडतो. पण इथे मानेबरोबर खांदे झुकायचे आणि खांद्यांबरोबर मी. बिचाऱ्याला आपण मान घालतो हेच ठाऊक नव्हतं.

आंटींनी उचलणं थांबवलं. त्यानंतर बरेच दिवस मी नुसते हात टेकायचे आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. आम्हाला हसू आवरायचं नाही. नजर जरा खाली गेली की आई खेकसायची, "वर बघ!" आणि मग एका संध्याकाळी मी 'हं' म्हटलं, उडी मारली आणि वर गेले. थेट वर. खाली त्याचा लालबुंद चेहरा, डोळे माझ्यावर रोखलेले. इतका आनंद मला तोवर कशानेच झाला नव्हता.

शेवटच्या तालमीनंतर आंटी आईकडे वळल्या. "उद्या स्टेजवर गाद्या नाहीत, पकडायला कोणी नाही. आता तू सांग."

तेव्हा मात्र मी घाबरले. ती नाही म्हणाली असती तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं, आणि तिला ते माहीत होतं.

"उद्या मला पुढची खुर्ची द्या," ती म्हणाली. "रोज नुसती हिची कंबर बघत उभी राहिले. ही नाचते कशी, ते मी अजून बघितलंच नाही."