आधी कुलूप, मग माया

शेखर गेला हे मला ज्या फोनवर कळलं, त्याच फोनवर मी स्वतः केव्हाच वारल्याचंही कळलं. दिवा गावाहून त्याच्या घरमालकीण म्हात्रे वहिनी बोलत होत्या. नळाला पाणी आलं हे सांगायला त्यांनी सकाळी त्याचं दार वाजवलं, ते उघडेचना... झोपेतच हार्ट अटॅक. त्याच्या मोबाइलमध्ये नात्यातलं म्हणावं असं एकच नाव होतं, ‘ताई’. “तुम्ही कोण लागता त्यांच्या?” त्यांनी विचारलं. मोठी बहीण, मी म्हटलं. पलीकडून दबक्या आवाजात, “पण ते तर बोललेले, ताई वारली म्हणून! किती रडलेले ओ आमच्या ओट्यावर बसून...” डोंबिवलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात अर्धी चिरलेली भेंडी समोर घेऊन मी उभी. “नाही हो, आहे मी अजून,” एवढंच म्हणाले. “जाऊ द्या ताई,” त्या माझीच समजूत घालायला लागल्या, “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं.”

त्या दिवसापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा बसलाय. मला मारलं ते मारलं, त्याचं नवल नाही. उभ्या जन्मात तो खरं बोलला असेल तर चुकून. पण तो रडला ते खरं होतं का? माझ्यासाठी त्याच्या डोळ्यांत एकदा तरी खरं पाणी आलं होतं का?

आम्ही वाढलो वर्तकनगरच्या कॉलनीत. शेखर माझ्याहून लहान, दिसायला राजबिंडा, बोलायला साखर. खालच्या काकूंनी एक मांजरीचं पिल्लू पाळलं होतं. ते हरवलं तेव्हा सगळी कॉलनी शोधायला बाहेर पडली आणि सगळ्यात मोठ्यानं रडत होता तो शेखर. काकूंना इतकं भरून आलं की त्यांनी त्याला मांडीवर घेऊन रव्याचा लाडू दिला. पिल्लू जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत सापडलं, मेलेलं. शेखरला पेटीला बाहेरून कडी घालताना मी पाहिलं होतं, पण आत काय आहे ते मला कुठे ठाऊक? घरी आल्यावर आईनं त्याला बडव-बडव बडवला. मी विचारलं, “का केलंस रे असं?” तो म्हणाला, “बघायचं होतं, काय होतं ते.” त्याच्या आवाजात ना राग, ना भीती. लाडू मात्र त्यानं पूर्ण खाल्ला होता, बेदाणा शेवटी ठेवून.

पुढे सगळ्यांनी आपापली निदानं केली. बाबा म्हणायचे संगत वाईट, मामा म्हणायचे लाडावलाय, आत्या म्हणायची लग्न करून द्या, येईल ताळ्यावर. लग्न केलं. बिचारी दुसऱ्याच दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही, आणि शहाणीच म्हणायची ती! घोडबंदर रोडवर कुणाकुणाला फ्लॅट मिळवून देतो म्हणून त्यानं फसवलं, केस झाली, तेव्हा वकिलाच्या सांगण्यावरून तो ठाण्यातल्या एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे गेला. दोन-चार वेळा गेला, एकदा मलाही घेऊन गेला. त्यांनी त्याच्यासमोरच मला नाव सांगितलं, समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. इंग्रजीत त्याला अँटिसोशल म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टर, अहो हा कुठला माणूसघाणा? चहा उकळेपर्यंत अख्खी बिल्डिंग आपलीशी करतो! त्या म्हणाल्या, माणसं नकोत असा त्याचा अर्थच नाही. दुसऱ्याचं दुखणं याला कळतं, अगदी नेमकं कळतं, पण ते याला लागत नाही. लहानपणापासून खुणा असतात. घरच्यांनी काही केलं म्हणून किंवा नाही केलं म्हणून, एवढ्या एकाच कारणानं हे होत नाही. शेखर खुर्चीत रेलून हसला. “बघ ताई, म्हणजे माझ्यात बिघाड आहे, माझा दोष नाही.” बाई शांतपणे म्हणाल्या, “बिघाड आहे. आणि केलेल्या गोष्टींचा दोषही तुमचाच आहे.” मला त्या बाई तिथेच आवडल्या.

निघताना त्या मला एकटीला म्हणाल्या, “त्यांना पश्चात्ताप होईल याची वाट बघत बसू नका. कदाचित होणार नाही. दार उघडायचं तर उघडा, पण किल्ली देऊ नका.”

हे आईला शाळेत न जाता कळलं होतं. आई दवाखान्यात असताना शेखरनं तिचं शिवणयंत्र विकलं. त्या यंत्रावर तिनं आम्हाला वाढवलेलं. घरी येऊन रिकामा कोपरा बघितला आणि ती खाली बसली. “विकलंस तर विकलंस,” ती म्हणाली, “एकदा चुकलो म्हण रे बाळा.” तो म्हणाला, “हवं होतं तर आधी सांगायचंस ना.” तेव्हापासून तो आला की बेल वाजल्याबरोबर आई आधी कपाटाला कुलूप घालायची, किल्ली कमरेला खोचायची, आणि मग दार उघडून म्हणायची, “ये रे बाळा, जेवलास का?” मी चिडायचे. अगं, एक काहीतरी कर ना, कुलूप तरी लाव नाहीतर माया तरी! ती म्हणायची, “आधी कुलूप, मग माया. दोन्ही लागतं त्याला.” आई गेली, पण त्याच्या तोंडून ‘चुकलो’ ऐकण्याची तिची आस तिच्याबरोबर गेली नाही. ती आस मुकाट्यानं माझ्याकडे आली, वाटणीत यावी तशी.

तो माझ्याकडेही यायचा. बेल दाबण्याची त्याची एक पद्धत होती, दोनदा चटचट आणि मग लांबलचक. ती ऐकली की मी टीपॉयवरची पर्स उचलायची, आत जाऊन तांदळाच्या डब्यात खुपसायची, हात झटकायचे आणि दार उघडायचं. “ये. जेवलास का?” आईचं सगळंच आपल्यात येतं हो. गेली काही वर्षं मात्र त्याचं येणं थांबलं होतं. आता कळतंय ना, मेलेल्या बहिणीकडे कोण येतं?

दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. माझा मुलगा विधीला बसला, मी, आणि म्हात्रे वहिनी. एवढीच माणसं. चारचौघांत रमणाऱ्या माणसाच्या दहाव्याला तीन टाळकी! वहिनींनी त्याच्या आवडीची तांदळाची भाकरी आणली होती. पिंड ठेवला. गुरुजी म्हणाले, कावळा शिवायला वेळ लागला तर गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते मनापासून बोला, कबूल करा. त्याची काय इच्छा राहिली असेल ते मला ठाऊक नव्हतं. माझी होती. मी रात्रभर एक वाक्य मनाशी घोळवलं होतं... शेखर, चुकलो म्हणू नकोस, मी ते मागणं सोडलं, जा तू. तेवढं म्हणायला मी पुढे झाले आणि तोंड उघडायच्या आत कावळा आला, पिंडाला चोच मारली, गेलासुद्धा. “सुटले!” वहिनींनी हात जोडले. “काहीच मागं राहिलं नव्हतं बघा त्यांचं.”

आणि मी रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. लोकांचा कावळा शिवत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो, आणि मी बाई, शिवला म्हणून हमसून हमसून रडत होते. थोडा अडला असता तर काय बिघडलं असतं? घटकाभर, माझ्यासाठी...

परत येताना रिक्षात मी वहिनींना विचारलंच. “माझ्यासाठी रडला म्हणालात, मग पुढे?” “मग काय, मी म्हटलं असं उपाशी बसू नका. सुरमई केलेली. जेवले पोटभर,” त्या कौतुकानं म्हणाल्या, “तुकडी शेवटाला ठेवून.” मला पिल्लू आठवलं, काकूंची मांडी आठवली, तो बेदाणा आठवला. विचारायला मग काही उरलं नाही.

परवा दुपारी बेल वाजली. दोनदा चटचट आणि मग लांबलचक. माझे हात माझ्या आधी उठले. पर्स उचलली, तांदळाच्या डब्यात खुपसली, हात झटकले, दार उघडलं. कुरिअरवाला होता, घाईत असेल. सही केली, दार लावलं, आत आले. डब्याचं झाकण उघडंच होतं. या घरात आता कुणापासून काही लपवायची गरज उरलेली नाही. तरी मी पर्स बाहेर काढली नाही. वरून मूठभर तांदूळ पसरले आणि झाकण लावलं.