बेस गिटार अजून वरच आहे

केतकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. हातात तिच्यासाठी केलेल्या मऊ भाताचा डबा. आमच्या गुरुग्रामच्या टॉवरमध्ये लिफ्टचं दार लागलं की रेंज जाते, त्यामुळे मावशीचा आवाज तुटत तुटत आला... "अगं, आता डबा नको..." एवढंच कळलं. पार्किंगला पोचून मी पुन्हा फोन लावला, पण खरं तर विचारायचं काही उरलं नव्हतं. केतकी माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. हॉस्पिटल माझ्या घरापासून जवळ म्हणून शेवटचे काही महिने ती आणि मावशी माझ्याकडेच होत्या. तिचं नाव तुम्हाला ठाऊक नसेलही, पण मुलांच्या मोबाइलवर तिचं गाणं कधीतरी नक्की कानावर पडलं असेल.

तिचे वडील सुभेदार. दिल्ली कँटोन्मेंटमध्ये त्यांचं क्वार्टर होतं आणि रविवारी पलटणीच्या मंदिरात भजन असायचं. काका ढोलकीवर, सातारा-सांगलीकडचे जवान झांजा घेऊन, आणि फ्रॉकमधली केतकी पुढ्यात बसून टाळ्या वाजवणार. टाळी चुकली की काका ढोलकी न थांबवता नुसते डोळे वटारायचे. मोठी झाल्यावर ती पश्चिम दिल्लीत एका फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. तिच्या वरच्या मजल्यावर रविवारी आफ्रिकन लोकांचं चर्च भरायचं आणि छतातून बेस गिटार ऐकू यायची. काही दिवस तिने नुसतं ऐकलं, मग एकदा जिना चढून सरळ वरच गेली. संध्याकाळी मला फोन, "ताई, यार, काय सांगू! बाबांच्या भजनात टाळी बरोबर समेवर पडते ना? इथे सगळे सम जाऊ देतात आणि मग मारतात. मला जमतच नाहीये!"

ती बेस गिटार वाजवणारा सॅम्युएल. नायजेरियातून शिकायला आला आणि दिल्लीतच राहिला. हिंदी आपल्या पोरांपेक्षा साफ. केतकीची टाळी लवकर पडली की म्हणायचा, "जल्दी क्या है? ट्रेन पकड़नी है?" त्याच्या गावी टॉकीजला हिंदी सिनेमे लागत, त्याची आई चुलीपाशी ती गाणी गुणगुणायची, आणि आपला हात त्या गाण्यांतल्या ढोलकीच्या ठेक्यावरच बसला असं तो सांगायचा. म्हणजे आपल्याकडचा ठेका समुद्रापार जाऊन, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून फिरून, केतकीच्या छतावर परत आला होता. तिने त्यावर काकांच्या भजनातल्या झांजा चढवल्या आणि ते गाणं झालं. मराठी मंडळातले लोक म्हणाले, हा आपल्या मातीचा ठेका. इंग्रजी पेपरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचा प्रभाव शोधून काढला. केतकी वैतागायची. "अमेरिका कशाला? माणूस मेट्रोने येतो आणि आईच्या हातचे पोहे खाऊन जातो!"

आजारपणात तो नियमाने यायचा. स्वतःची बेस गिटार त्याने तिच्या पलंगाशीच ठेवली होती, येता-जाता ओझं नको म्हणून. आमच्याकडे कुणी आलं की गार्ड मोबाइलवर विचारतो, आपण होकाराचं बटण दाबायचं, मग माणूस आत. केतकीने तिच्या नावावर सॅम्युएलला कायमची परवानगी देऊन टाकली होती, त्यामुळे तो थेट वर यायचा. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठलं. "मैडम, आपके यहाँ ये लोग बहुत आने लगे हैं." मी म्हटलं, "पेशंट से मिलने आते हैं, थोड़े दिन की बात है." थोडे दिवस! वर बहीण मरत होती आणि मी सेक्रेटरींची समजूत घालत होते.

ती गेल्यावर सोसायटीच्या ऑफिसातून निरोप आला की घरातल्या माणसांची नोंद दुरुस्त करा. अशा कामात मी तत्पर. केतकीचं नाव काढलं आणि त्याबरोबर सॅम्युएलची परवानगीही गेली. माझ्या ध्यानातच आलं नाही, इथवर ती चूक म्हणता येईल. पण शोकसभेच्या दिवशी क्लबहाउसमध्ये मी बोलायला उठणार, एवढ्यात फोन थरथरला. गेटवर सॅम्युएल, सोबत त्याच्या चर्चमधले आणखी तिघं. पहिल्या रांगेत सेक्रेटरी बसले होते, मंडळाची मंडळी होती. मनात आलं, आत्ता नको, बोलून झालं की मी स्वतः जाऊन घेऊन येईन... आणि फोन पर्समध्ये टाकला. मग उभी राहून केतकीचं गाणं कुठून कुठून आलं यावर छान बोलले. सॅम्युएलचं नाव घेतलं, सुरांना रंग नसतो म्हणाले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... ती म्हण माझ्यासाठीच असावी.

नंतर मला गराडा पडला. गेटवर पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. गार्ड म्हणाला, "मैडम, आपके चार लोग आए थे. धूप में खड़े रहे, आपका जवाब नहीं आया. फिर यहीं खड़े-खड़े ताली बजाके गाना गाया और चले गए. बहुत अच्छा गाते हैं, मैडम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर आले तर मावशीने विचारलं, "सॅम्युएल दिसला नाही गं?" मी म्हटलं, "ट्रॅफिकमध्ये अडकला असेल." मावशी म्हणाली, "बिचारा."

अलीकडे धीर करून त्याला फोन केला. सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. तो ऐकत राहिला, मग मावशीची तब्येत विचारली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "आपका गिटार यहीं है. आ जाइए ना, मौसी पोहे बनाएगी." तो म्हणाला,

"दीदी, गेट तक भिजवा दीजिए. मैं बाहर से ले लूँगा."

मी हो म्हटलं. केतकीच्या खोलीत, पलंगाशी, ती गिटार अजून तशीच उभी आहे. मावशी रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि सॅम्युएल कधी येणार म्हणून विचारते. मी ती खाली पाठवलेली नाही. एकदा ती गेटबाहेर गेली, की त्याला आमच्याकडे वर यायला काही कारणच उरणार नाही.