उन्हाळी जोडे

तारा गेल्याची बातमी कोल्हारहून अंजनाबाईंनी कळवली. त्या तिच्या शेजारीण आणि तिच्या वाचनालयाच्या सर्वांत जुन्या वाचक. मी भिंगारला घरी वर्तमानपत्र वाचत होतो. “दादा, बाई गेल्या... चहा ठिवला हुता, आन् खुर्चीतच मान टाकली,” एवढेच त्या बोलल्या. मी “निघतो” म्हणालो आणि फोन ठेवला. तारा माझी धाकटी बहीण. तिच्याविषयी लिहावे, असे तिच्या वाचकांनी सुचवले. असले लेखन माझ्या प्रकृतीचे नाही. परंतु तिचे एक काम अपुरे राहिले आणि ते माझ्याकडे आले; त्याची हकिकत सांगणे भाग आहे.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ताराने कोल्हारच्या बाजारपेठेच्या टोकाला, एका खोलीत, वाचनालय चालवायला घेतले. उन्हाळ्यात तिथे प्रवरेचे पात्र उघडे पडते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. माणसे घरात कोंडलेली असतात. त्यांच्यासाठी तिने एक प्रथा पाडली. पाडव्यापासून प्रेमकथांची दोन दोन पुस्तके ती लाल सुती फितीने एकत्र बांधी : एक जुने, आजोबांच्या काळातले; दुसरे आजचे, मोबाईल आणि बदल्या आणि घटस्फोट असलेले. एकटे पुस्तक कोणालाही मिळत नसे. दाराबाहेर तिने फळा लावला : ‘उन्हाळी जोडे मिळतील.’ मी तो पाहिला आणि म्हणालो, “जोड्या लिही. जोडे पायात घालतात.” ती म्हणाली, “लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणतात, तेव्हा कुणी पायांकडे बघतं का दादा?” फळा तसाच राहिला.

माझे म्हणणे दुसऱ्याच आठवड्यात खरे ठरले. रंगनाथ आबा म्हणून एक वृद्ध शेतकरी बाजाराच्या दिवशी आत आले, आणि पिशवी खाली ठेवून म्हणाले, “आठ नंबर हाय का? पन जरा रुंद बघा, बोटं लागत्यात.” मी तिथेच होतो. ताराने हसू दाबले, कपाटातून एक जोडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. “आबा, हा घालून बघा. काकूंना दुपारी वाचून दाखवा.” आबांनी फितीकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले, आणि चूक मान्य करण्याऐवजी पुस्तके घेऊन गेले. काही दिवसांनी परत आले. “बाई, जुना झ्याक बसला. नवा चावतोय.” कुठे चावतो, असे तिने विचारले. “त्यातली पोरगी नवऱ्याला मागं ठिवून नोकरीला परगावी जाती. म्या म्हनलं, ही काय रीत झाली? तर आमची म्हातारी म्हनती, बराबर केलं तिनं. चाळीस वर्सांत पयल्यांदा मला आडवं बोलली.” तारा म्हणाली, “नवा जोडा आधी चावतोच आबा. चार दिवस वापरा.” त्या उन्हाळ्यापासून ‘चावतोय का?’ हा त्या खोलीतला नित्याचा प्रश्न झाला. पुस्तक आवडले का, असे कोणी विचारीत नसे.

मी लष्करी भांडारात नोकरी केली. गठ्ठे बांधणे मला येते. एका वर्षी तिला मदत करायला बसलो. तिने माझा पहिला गठ्ठा उचलला आणि परत माझ्यापुढे ठेवला. “हे दारूगोळ्याचं खोकं नाही. निरगाठ कशाला? सुरगाठ मार. वाचणाऱ्याला एका ओढीत सोडता आली पाहिजे.” कोणते पुस्तक कोणाशी बांधायचे हे कसे ठरवतेस, असे मी विचारले. “जुन्यातली बाई जिथं गप्प बसते, तिथं नव्यातली बोलते. तेवढंच बघायचं...” मी ते गंभीरपणे घेतले नाही. दरवर्षी ती मलाही एक जोडा देई. मी जुने पुस्तक वाची आणि नवे न उघडता परत करी. “डॉक्टरची चिठ्ठी आणू का दादा, प्रेमकथा वाचायला?” असे ती म्हणे.

संक्रांतीला ती भिंगारला आली तेव्हा तिळगुळाबरोबर तिने जोडाही आणला. मी म्हणालो, “उन्हाळ्याला अवकाश आहे.” “असू दे. तुला वेळ लागतो,” ती म्हणाली. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याला अंजनाबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. “दादा, पाडवा आला. औंदा जोडे कोन बांधनार? आमाला वाचाया येतं, पन कुनाचं कुनाशी जुळतंय ते बाईच जानत. मंडळी म्हनत्यात, कुलूप घाला.” त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. एकदा बंद झालेली खोली गावात पुन्हा उघडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मी किल्ली घेतली.

काम शिकायचे, तर तिचा बांधलेला एक तरी जोडा नीट वाचणे आवश्यक होते. बाकीचे सर्व गेल्या पावसाळ्यात सुटून कपाटात मिसळले होते. बांधलेला असा एकच उरला होता. तो माझ्या टेबलावर होता. त्यावरची गाठ तिने मारलेली होती... मी काही दिवस तो नुसता पुसून ठेवला. मग एका सकाळी फितीचे टोक ओढले. एका ओढीत सुटली.

जुन्या पुस्तकातली बाई नदीच्या उताराशी आयुष्यभर वाट पाहते आणि एकदाही विचारत नाही. नव्यातली बसस्थानकाजवळ मोबाईलच्या दुकानात काम करते, ती पहिल्याच प्रकरणात त्या मुलाला विचारते, “तू येणार आहेस की नाही, ते आत्ता सांग.” मी पुस्तक मिटले. संध्याकाळी पुन्हा उघडले आणि शेवटपर्यंत वाचले. चावले. पण तारा काय पाहत असे, ते समजले.

पाडव्याला खोली उघडली. कपाटभर बांधता आले नाहीत, एक फळी भरली. पहिला जोडा रंगनाथ आबांनी नेला : तोच, माझा. आठवड्याने आले आणि पुस्तके टेबलावर ठेवली.

“चावतोय का?” मी विचारले.

“लई. पोरीनं आसं तोंडावर इचारावं व्हय? म्या एवढंच बोललो. आता म्हातारी माझ्याशी बोलना.”

“मग वाचन बंद?”

“बंद कशाचं? दुपारी पुस्तक पुढ्यात आनून ठिवती. तोंडानं न्हाई बोलत. दुसरा द्या.”

मी दुसरा दिला. आता आठवड्यातून दोनदा भिंगारहून कोल्हारला जातो. फळा बदललेला नाही. फिती ताराच्याच आहेत; त्यांच्यावर जिथे तिची गाठ बसत असे, तिथे सुरकुती पडली आहे आणि लाल रंग थोडा गडद राहिला आहे. मी गाठ त्याच जागी मारतो. सुरगाठ.