मंगळवारची फेरी

दवाखान्यातल्या नोकरीचं एक आहे. औषधं संपतात, रजिस्टरं भरतात, बदल्या होतात. किस्से मात्र मागे राहत नाहीत, सोबत येतात. साठ सालाच्या आगेमागे मी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. वानखडे डॉक्टर माझे साहेब. तिथले किस्से मी सांगायला बसलो की लोक आधी हसतात, मग हातातला चहा तसाच निवून जातो!

*

सुरुवात संपतबावापासून झाली. सत्तरीचा म्हातारा, चार कोस चालत सकाळीच आला. मी नंबर दिला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. गर्दी फार होती. दुपारी त्याचा नंबर पुकारला, तो उठेना. पुन्हा पुकारला. शेवटी डॉक्टरच बाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग मनगट धरलं. बावा संपला होता. अंग लाकडासारखं ताठलेलं!

"चार-पाच तास तरी झाले असतील," डॉक्टर म्हणाले.

शेजारची बाई दचकून उठली. "असं कसं? आत्ता तं बोलला माह्यासंगं! म्हने, माहा नंबर आला का सांगजो वं बाई!"

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्यांनी आपल्यापर्यंत यायचं, हेच चुकतं आहे. आपण जायचं." तेव्हापासून दर मंगळवारी बैलगाडी जुंपून आमची गावोगावची फेरी सुरू झाली.

*

एका गावात गंगामाय एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही दारात उभे राहिलो तर म्हणाली, "या. तिघं आले का?"

"दोघंच आहोत, माय."

"मंग तो कोपऱ्यात पागोट्यावाला कोन बसला?"

भर दुपार. कोपऱ्यात काही नव्हतं. मी एक पाऊल मागे सरलो! डॉक्टर शांत. म्हणाले, नजर गेली की कधी कधी डोळा आपल्याच मनानं चित्रं दाखवतो. त्यांनी खटपट करून तिला अमरावतीला नेलं, ऑपरेशन करवलं. पुढे गेलो तेव्हा माय सुईत दोरा ओवत बसली होती.

मी हसत विचारलं, "काय माय, पागोट्यावाला दिसतो का आता?"

"नाई," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "दोन वर्सं रोज येऊन बसे बाप्पा. माह्याकडं येनारा तेवढाच एक होता. तुमी त्यालेई हाकललं!"

*

महादेवबुवांच्या अंगणात पोचलो तर बांबू बांधून तयार, रडारड चाललेली. म्हातारा पहाटे गेला म्हणाले. डॉक्टर पुढे झाले तसा मोठा मुलगा आडवा आला. "मेल्यावर काहून पाहून राहिले?"

डॉक्टरांनी ऐकलं नाही. छातीला कान लावला, मला म्हणाले, "ग्लुकोज काढ!" चार दिवस तापात पोटात काही नव्हतं, साखर उतरली होती. इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं बुवानं डोळे उघडले. बाया किंचाळत पळाल्या!

आम्हाला वाटलं, गाव पेढे वाटेल. पण गावानं बुवाला परत घेतलंच नाही. कोणी त्याच्याजवळ बसेना, त्याच्या हातचं पाणी पिईना. महिन्याभरानं तो काठी टेकत दवाखान्यात आला. आजार काही नव्हता. म्हणाला, "कंपाउंडर साहेब, रजिस्टरात माहं नाव लिव्हा. अन् मोठ्यानं वाचून दाखवा."

*

सीताआजीची नाडी बघायला डॉक्टरांनी मनगट धरलं, तशी आजी म्हणाली, "पंधरा मोजा. मंग ते थांबन."

डॉक्टर हसले, मोजू लागले. पंधरा झाले आणि त्यांचा चेहरा बदलला. मी घड्याळाकडे पाहत होतो. काटा पुढे गेला. नाडी पुन्हा सुरू झाली.

"थांबते, अन् मले इचारते, चालतं का संगं म्हनून," आजी म्हणाली. "मी म्हनलं, आज नाई. आज मंगळवार, डॉक्टर येनार हाय."

पुढे तीन वर्षं आम्ही त्या गावचा मंगळवार चुकवला नाही.

*

एका पावसाळ्यात पूर्णा नदीला असा पूर आला की पलीकडची वस्ती तीन आठवडे तुटली. नाव नाही, वाट नाही. तिथल्या अनुसयाबाईच्या पायाला मोठी जखम होती. पट्टी बदलली नाही तर पाय जाणार, हे डॉक्टर रोज बोलून दाखवत. पाणी उतरलं त्या मंगळवारी आम्ही कमरेएवढ्या चिखलातून गेलो.

बाई ओट्यावर बसलेली. पायाला पांढरीशुभ्र पट्टी! डॉक्टरांनी सोडून पाहिली. जखम भरत आली होती. पट्टीची गाठ उलटी, डावखुऱ्या माणसानं मारावी तशी. आमचे डॉक्टर डावखुरे.

"कोणी बांधली, बाई?"

"तुमीच तं बांधली! तिन्ही मंगळवारी आले. अख्ख्या वस्तीले पाह्यलं." शेजारच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

त्यांनी बॅगेतून गोळ्या काढून तिच्यापुढे धरल्या. बाईनं हात मागे घेतला. कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"मांगच्या मंगळवारी तुमी जाताना सांगतलं," ती हळूच म्हणाली. "पानी उतरलं का एक जन येईन. हुबेहूब माह्यासारखा दिसन. त्यानं देल्लेली गोई घेऊ नका."