शब्दांचं गाव विचारणारे सर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा पेला हातात यायच्या आधी प्रश्न आला, "बाई, गाव कुठलं तुमचं?" मी जिल्हा सांगितला. "ते झालं हो, गाव? आणि आडनाव काय म्हणालात?" पिंपरीत तेव्हा सगळेच कुठून कुठून आलेले, त्यामुळे प्रश्न साधाच वाटे, पण तो कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असे आणि ऐकणाऱ्यालाही. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, वडील कारखान्यात हेल्पर. मी तोंड उघडणार, इतक्यात कोपऱ्यातले एक गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "शब्दाला गाव विचारावं, माणसाला विचारू नये." ते निमकर सर, मराठी शिकवायचे. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं.

वर्गात मात्र त्यांच्या चौकशा संपत नसत. टेबलावर कोळशाचा खडा ठेवून विचारायचे, "बोला, हा कुठून आला?"

"वखारीतनं, सर!"

"वखारीतून माल आला. नाव कुठून आलं?"

मग सांगायचे, संस्कृतात पेटत्या निखाऱ्याला कोकिल म्हणत, हिंदीतला कोयला त्याच घरचा. आपला कोळसाही तिथलाच असावा, पण मधली वाट काही दिसत नाही. माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचे. एकदा अक्कलकोटकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या घरात कानडी बोलतेत. जळत्या लाकडाला कोळ्ळी म्हंतेत." सर इतके हरखले की मधली सुट्टी त्यातच गेली आणि डब्यातली पोळी तशीच राहिली. "इंग्रजांच्या कोलचा अर्थही आधी धगधगता निखाराच होता," ते मला म्हणाले. "बघा बाई, नाव ठेवलं पेटत्याला आणि चिकटलं विझलेल्याला."

पुढे त्यांची एकुलती एक मुलगी, शैला, तळेगावहून बाळंतपणाला माहेरी आली. थंडीचे दिवस होते. लाकडी कोळसा मिळेना, म्हणून निमकरकाकूंनी बाळंतिणीच्या शेकाला कारखान्याच्या भट्टीतून निघालेला अर्धवट जळका दगडी कोळसा, म्हणजे कोक, आणला. आमच्या भागात तो दारोदार विकायला यायचा. त्याला धूर नसतो, म्हणून बाळंतिणीला चांगला, असं गल्लीतल्या सगळ्याच बायका म्हणायच्या. काकूंनी शेगडी अंगणात फुलवली, लाल झाल्यावर खाटेखाली सरकवली, शैलाला वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि बाळाला घेऊन ओट्यावर उन्हात बसल्या. तासाभराने हाक मारायला गेल्या तर शैला उठली नाही.

शाळेत निरोप आला तेव्हा सर माझ्या शेजारच्या वर्गात शिकवत होते. आम्ही दोघं धावतच गेलो; शेगडी ठेवून खिडकी लावल्याचं काकूंनी तेवढं सांगितलं. दुपारी हवालदार आला. त्याने विचारलं, "शेगडी कुनी ठिवली व्हती? खिडकी कुनी लावली?"

सर म्हणाले, "मी. शाळेत जाताना मीच ठेवली."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला कुणी काही विचारलं नाही. तळेगावच्या मंडळींनाही सरांनी तेच सांगितलं. त्यांनी दारात उभं राहून सरांना वाट्टेल ते सुनावलं आणि बाळ घेऊन गेले ते गेलेच. मला रडू आलं नाही. नुसते कान गार पडल्यासारखे झाले होते.

तेराव्यानंतर सर कामावर आले. शिकवायचे, वह्या तपासायचे, शब्दांची गावंही विचारायचे, पण आवाज पाढे म्हणावा तसा. मी अधूनमधून घरी जाई. सर पेपर वाचत, काकू तांदूळ निवडत. "चहा घेता ना बाई?" एवढंच बोलणं. शैलाचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. सरांनी बायकोवर आळ येऊ दिला नाही, केवढा मोठा माणूस, असंच मला वाटत राहिलं. मी घरी आईलाही तसंच सांगत असे.

सर निवृत्त झाले, निगडीला राहायला गेले आणि तिथेच झोपेत वारले. महिन्याभराने मी काकूंना भेटायला गेले. गॅसवर चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "त्यांनी मला कधीच विचारलं नाही गं."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, काकू."

"तेच. सगळं स्वतःवर घेतलं आणि मला त्यातून काढूनच टाकलं. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. दगडाबरोबर संसार केल्यासारखी वर्षं गेली. ते दगड आणि मीही दगड."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. सरांचं ते वाक्य आजवर मी गुरुमंत्रासारखं पाळलं होतं. कुणाच्या घरातलं काही विचारायचं नाही. त्या दिवशी मोडलं.

"काकू, खिडकी का लावलीत?"

त्यांनी हातातली गाळणी खाली ठेवली.

"तिनंच सांगितलं गं," त्या म्हणाल्या. "म्हणाली, आई, फार थंडी वाजतेय, खिडकी लाव ना." आणि त्या गॅसच्या ओट्याला धरून खाली बसल्या, आणि मोठ्याने, गळा काढून रडल्या.